थंड मोटर

सोमवारी सकाळी मालकांनी लवंगीच्या टेबलावर एक कागद ठेवला आणि त्यावर पेन आडवं टाकलं. ‘सही कर,’ म्हणाले, जणू कुरियरचं पाकीट घ्यायचं होतं. कागदावर चारच ओळी. गोळ्यांच्या पेटीत झालेली चूक प्रोग्राममधली होती, प्रोग्राम लिहिणारीने ती मान्य केली आहे, यंत्र निर्दोष आहे, झाल्या प्रकाराबद्दल ती दिलगीर आहे. दिलगीर कोण, तर ती. मान्य कोणी केलं, तर तिने. आणि हे तिला कळलं कधी, तर कागद वाचल्यावर.

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी आत्याने ठेवलेलं, लवंगी मिरचीवरून. अंगाने एवढीशी, पण जिभेला लागली की समोरच्याच्या डोळ्यांतून पाणी. ते नाव कारखान्यापर्यंत कसं पोचलं कोण जाणे, पण पाठीमागे सगळे तेच म्हणत आणि तिला ते माहीत होतं. त्या सकाळी मात्र तिच्या तोंडून शब्द फुटेना. तळपायाची आग मस्तकात गेली की माणूस आधी मुका होतो, तशी गत झाली.

कारखाना म्हणजे तरी काय, दोन खोल्या आणि वर एक पोटमाळा. मालक, फिटरकाका, लवंगी आणि खोकी बांधणारे दोघं. बनवायची ती म्हाताऱ्या माणसांसाठी गोळ्यांची पेटी. पेटीत एक गोल तबक आणि तबकाला अठ्ठावीस खण, आठवड्याचे सात दिवस आणि रोजच्या चार वेळा. रविवारी खण भरायचे, तबक लाल खुणेवर लावायचं, बटण दाबायचं. मग ठरल्या वेळी घंटी वाजते, खालची मोटर तबक एक खण पुढे सरकवते आणि झाकणातल्या खिडकीत त्या वेळच्या गोळ्या येतात.

ही मोटर पंख्याच्या मोटरसारखी नुसती गरगरत नाही. ती पावलं मोजून चालते, म्हणून तिला स्टेपर म्हणतात. एका खणाला आठशे पावलं. ही पावलं मोजून देते नखाएवढी एक चिप आणि त्या चिपला अक्कल शिकवली होती लवंगीने, चार महिने खपून. आधी हळू, मग जरा जलद, मग पुन्हा हळू, म्हणजे या खणातली गोळी त्या खणात उडायला नको. पण या मोटरची एक खोड आहे. तिला सांगता येतं, विचारता येत नाही. चिप म्हणते, आठशे पावलं टाक. मोटरने ती टाकली की नाही हे चिपला कळत नाही. टाकली असं धरून ती पुढच्या खणाच्या नादाला लागते. तबक खरंच कुठे आहे ते सांगणारा एक छोटा खटका बसवा म्हणून लवंगी तीनदा बोलली होती, आणि तिन्ही वेळा ‘पुढच्या मॉडेलला बघू’ हे उत्तर घेऊन परत आली होती.

तर शनिवारी एक बाई ती पेटी काखोटीला मारून आल्या. त्यांचे वडील न्हाणीघरात पडले होते, मनगट मोडलं होतं. पेटीने रात्रीची झोपेची गोळी त्यांना सकाळी दिली. बाईंचा आवाज अजिबात चढला नव्हता आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं.

‘ते महिनाभर सांगत होते, पेटी चुकते म्हणून,’ बाई म्हणाल्या. ‘आम्हीच त्यांना वेड्यात काढलं.’

मालकांनी बाईंच्या देखत पेटी सुरू केली. बाईंनी गोळ्या काढून घेतल्या होत्या, तबक रिकामं होतं. ते अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खण घड्याळासारखं फिरलं. मग मालकांनी पेटीत हात घालून तळहात मोटरवर ठेवला, मिनिटभर डोळे मिटले आणि म्हणाले, ‘थंडगार आहे. मोटर ठणठणीत आहे.’

हा तळहात कारखान्यात देवासारखा होता. मालकांनी उमेदीची तीस वर्षं पाण्याच्या पंपांच्या मोटरींना तार गुंडाळण्यात घालवली होती आणि तिथे तापलेली मोटर म्हणजे मरायला टेकलेली मोटर. तेव्हापासून त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही यंत्र बाहेर पडत नसे. स्टेपरचं तसं नसतं, ती जागच्या जागी उभी असली तरी तबक धरून ठेवायला वीज खाते आणि तापते, तिने तापायलाच हवं, हे लवंगीने त्यांना एकदा कागदावर काढून दाखवलं होतं. ‘पुस्तकात लिहिलेलं असतं तसं,’ म्हणून त्यांनी त्याच कागदावर चहाचा कप ठेवला होता.

‘मालक, मी सही करणार नाही,’ लवंगी शेवटी म्हणाली. ‘आधी ती पेटी उघडू. शनिवारची.’

‘उघडायची नाही. कपाटात सील करून ठेवलीय. उद्या ती बाई म्हणेल, पुरावा बिघडवला.’

‘मग माझ्या प्रोग्राममध्ये चूक आहे हे कसं ठरवलंत?’

‘अगं, सरळ आहे. पेटी इथे नीट चालली, त्यांच्या घरी चुकली. लोखंड एकदा चुकलं की चुकतं. कधी चुकणार, कधी नाही, असं वागतो तो प्रोग्राम.’ ते जरा मऊ आवाजात म्हणाले, ‘तुझी नोकरी कुठे जात नाहीये. सही कर, प्रोग्राम थोडा बदल, सगळ्या घरी प्रोग्रामचं नवीन कार्ड पाठवू. उद्या सकाळपर्यंत दे.’

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. बरं, नुसती तिची फाशी असती तर लवंगीने चार शिव्या मनात घालून मान दिलीही असती, नोकरी सगळ्यांनाच हवी असते. पण चाळीस घरांमध्ये अजून चाळीस पेट्या चालू होत्या. तिने सही केली की त्यातली एकही कोणी उघडून बघणार नव्हतं. गोळी चुकायची ती चुकतच राहिली असती, वर नवीन कार्ड आलंय म्हणून घरचे आणखी निश्चिंत.

दिवसभर ती आपलाच प्रोग्राम वाचत बसली. सहाशे चौदा ओळी, तीनदा. मालकांच्या बोलण्याने मनात पाल चुकचुकली होती, ती काही गप्प बसेना. फिटरकाका दोनदा चहा घेऊन आले. दुसऱ्यांदा ते टेबलाशी उगाच रेंगाळले, तिच्या टेबलावरच्या, मोटरला वीज देणाऱ्या ड्रायव्हर बोर्डाकडे बघत राहिले, काहीतरी बोलतील असं वाटलं आणि ‘साखर कमी आहे, ताई,’ एवढंच म्हणून गेले. तिच्या टेबलावरच्या पेटीत तबक शर्टाच्या बटणांनी काठोकाठ भरलेलं होतं, गोळ्यांच्या ऐवजी. प्रत्येक नवा बोर्ड ती असाच भरल्या तबकावर तपासायची. पेटी दिवसभर बिनचूक फिरली आणि तिची मोटर चहाच्या कपासारखी गरम होती. हे तिच्या हाताला रोजचं होतं, म्हणून त्याचा विचार डोक्यात आला नाही.

पाच वाजता कागद पर्समध्ये कोंबून ती आत्याकडे निघाली. आत्याचं घर बसने तीन थांबे पुढे, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आई गेल्यावर लवंगीला वाढवलं ते याच घरात. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. त्या काळी लोक नंबर मागत नसत, नाव सांगत, आणि आत्या वहीत न बघता जोडून द्यायची. सहाशे नंबर तोंडपाठ. म्हातारपणी तिच्याकडे फार काही नव्हतं, दागिना नाही की जमीन नाही, पण डोकं शाबूत होतं आणि त्याचा तिला ताठा होता.

होता, म्हणायला हवं. कारण गेल्या महिन्यापासून आत्या विसरायला लागली होती. दिवसा पेंगायची. स्वयंपाकघरात चिठ्ठ्या लागल्या होत्या, ‘गॅस बघ’, ‘किल्ली खिळ्यावर’. आणि मागच्या आठवड्यात फोनवर तिने शांतपणे सांगितलं होतं की वृद्धाश्रमाचा अर्ज भरलाय, पहिल्या तारखेला घर सोडणार, स्वतःचाच भरवसा वाटत नाही तर एकटीने राहायचं कशाला. लवंगी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली होती. वय झालं, आपल्या हातात काय आहे, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

आज दार उघडलं तेव्हा आत्याच्या हातात कात्री होती आणि मागे दोन खोकी अर्धवट भरलेली. एका खोक्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: देऊन टाकायचं.

‘ये गं. चेहरा का पडलाय? कोणाला जाळून आलीस आज?’

‘मीच जळतेय,’ लवंगी म्हणाली आणि तिने कागद दाखवला. आत्याने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

‘चूक तुझी आहे?’

‘नाही.’

‘मग सही कशाला मागतात मेले?’

तेवढ्यात घंटी वाजली. सहा वाजले होते. टेबलावर आत्याची पेटी होती, पहिल्या खेपेतली, लवंगीने स्वतः आणून दिलेली. आतून गुर्रर्र असा आवाज आला, मांजराला झोपेतून उठवल्यासारखा, आणि थांबला. पडद्यावर ‘संध्याकाळ’ अशी अक्षरं उमटली. आत्याने झाकण वर केलं. खिडकीतला खण रिकामा होता.

‘घेतल्या वाटतं मी,’ आत्या म्हणाली आणि झाकण लावून कात्रीकडे वळली.

लवंगी जागची हलली नाही. ‘कधी घेतल्या?’

‘आधीच काढून घेतल्या असतील. होतं असं हल्ली.’

‘अगं, घंटी आत्ता वाजली.’

‘तेच तर सांगतेय तुला. घंटी वाजायच्या आत मी गोळ्या खाऊन मोकळी होते आणि मला आठवतही नाही. कधी दुपारी, कधी संध्याकाळी. नुसतं गुरगुरतं ते आणि खण रिकामा. मग रविवारी बघावं तर मागे गोळ्या उरलेल्या, म्हणजे भरतानाही मी घोळ घालते.’ आत्याने खोक्याच्या दोरीचं टोक कात्रीने कापलं. ‘मी तुला फोन केला होता ना पहिल्यांदा झालं तेव्हा. तूच म्हणालीस, आत्या, यंत्र विसरत नाही, तूच विसरली असशील.’

ती म्हणाली होती. अगदी याच शब्दांत, वर हसलीही होती. तेव्हा तिच्या टेबलावर बटणांचं तबक बिनचूक फिरत होतं आणि मान ताठ होती. आत्याने सहाशे नंबर तोंडपाठ ठेवले होते, आणि या पोरीने एका फोनवर, हसत हसत, तिच्या हातातून तिचं डोकं काढून घेतलं. मालकांचा राग आला होता तो याच्यापुढे काहीच नाही असं लवंगीला वाटलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असा तो राग होता.

तिने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला, पेटी पालथी केली आणि चारही स्क्रू भराभर सोडवले. आधी हात मोटरवर ठेवला. थंड. मालकांच्या तळहाताला आवडेल अशी थंडगार. लवंगीच्या टेबलावरची मोटर अशी कधीच नव्हती.

मग तिने बोर्ड उजेडात धरला. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा एक स्क्रू असतो. मोटरला किती वीज द्यायची ते त्यावर ठरतं. लवंगी तो मीटर लावून बसवायची आणि हलू नये म्हणून वर लाल नेलपॉलिशचा थेंब सोडायची, अर्धा स्क्रूवर, अर्धा बोर्डावर. आत्याच्या बोर्डावर तो थेंब मधोमध तडकला होता. स्क्रूवरचा अर्धा तुकडा पाव फेरा मागे गेला होता.

कोणीतरी मोटरचा घास तोडला होता. रिकामं तबक ती ओढत होती, पण रविवारी आत्याने मूठ मूठ गोळ्यांनी खण भरले की सोमवारी तिला ते रेटेना. उपाशी मोटर जागच्या जागी गुरगुरायची, हलायची नाही, आणि चिप बापडी आठशे पावलं पडली असं धरून पुढे जायची. मग सकाळचाच रिकामा खण दुपारी खिडकीत, दुपारच्या गोळ्या संध्याकाळी, आणि रात्रीची झोपेची गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून आत्या दिवसा पेंगत होती.

लवंगीने पुढचा खण हाताने खिडकीत आणला. त्यात चार गोळ्या होत्या, सोमवार संध्याकाळच्या, जशाच्या तशा.

‘आत्या, या बघ. तू घेतल्या नव्हत्यास,’ ती म्हणाली. ‘तू काही विसरली नाहीस. एकदाही नाही. पेटी अडकत होती. आणि मी मूर्खासारखं तुलाच बोलले.’

आत्या खुर्चीवर बसली. तिने त्या चार गोळ्या बोटाने एकेक करून मोजल्या. रागावली असती, बोलली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, ‘म्हणजे ते गॅसचं? मी रोज रात्री तीनदा उठून बघते.’

‘गॅस कधी चालू सापडला?’

आत्याने विचार केला. ‘कधीच नाही,’ ती म्हणाली, आणि मग पदराने डोळे पुसत भिंतीवरची चिठ्ठी काढायला उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या लवंगीबरोबर कारखान्यात आली. येऊ नको म्हटलं तर म्हणाली, माझं डोकं गेलं होतं, मी का येऊ नको. पेटी तिने बसमध्ये मांडीवर धरली होती, गोळ्यांसकट.

मालक नुकतेच येऊन बसले होते. फिटरकाका झाकणं पुसत होते. लवंगीने पेटी मालकांच्या टेबलावर ठेवली, पाठ उघडी, तबक भरलेलं, आणि बटण दाबलं. गुर्रर्र झालं. तबक हललं नाही. पडद्यावरची वेळ मात्र ऐटीत पुढे गेली.

‘हात ठेवा मोटरवर,’ ती म्हणाली.

मालकांनी सवयीने ठेवला. ‘थंड आहे.’

‘थंडच असणार. काम करत नाहीये ती.’ तिने स्क्रू पाव फेरा पुढे फिरवला, लाल तुकड्याला लाल तुकडा जुळेपर्यंत. पुन्हा बटण दाबलं. तबक न गुरगुरता एक खण पुढे आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. ती दाबत राहिली, अठ्ठावीस खण. ‘आता ठेवा हात. काढू नका लगेच.’

मालकांनी तळहात मोटरवर ठेवला. पाच मिनिटं गेली. त्यांच्या कपाळावर आठी आली. ‘तापतेय.’

‘तापू दे.’

‘असली मोटर मी माझ्या हयातीत बाहेर पाठवली नसती.’

‘म्हणूनच कोणीतरी ती थंड केली,’ लवंगी म्हणाली. तिने कोणाकडे बघितलं नाही, पण फिटरकाकांच्या हातातलं फडकं थांबलं होतं.

‘मी केली, ताई,’ फिटरकाका म्हणाले. त्यांनी झाकण खाली ठेवलं. ‘मालक, तुम्ही पहिल्या पाच पेट्या परत पाठवल्यात. तापतात म्हणालात, नीट बसवल्या नाहीत म्हणालात. सगळ्यांसमोर बोललात. मग मी तो स्क्रू जरा मागे घेतला. मोटर फिरत होती ना. थंड झाली, तुम्ही पास केलीत. मला वाटलं, आपल्या हाताला गुण आला.’

‘रिकाम्या तबकावर फिरत होती,’ लवंगी म्हणाली.

‘बांधायच्या वेळी तबक रिकामंच असतं, ताई. त्यावर तर प्लास्टिकही असतं.’ ते खाली बघून म्हणाले, ‘काल तुम्हाला सांगायला आलो होतो. जीभ उचलली नाही.’

लवंगीला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण साखर कमी आहे म्हणून परत गेलेला तो माणूस तिच्या डोळ्यांसमोर आला आणि फोनवर हसणारी ती स्वतःही आली. स्क्रू फिरवला काकांनी, फिरवायला लावला मालकांच्या तळहाताने, आणि पेटी चुकतच नाही ही ग्वाही दिली होती तिने. बाहेर मात्र वेडी ठरत होती ती म्हातारी माणसं.

मालक तळहात चोळत होते. ‘ठीक आहे,’ ते म्हणाले. ‘कळलं. पेट्या हळूहळू मागवून घेऊ, दुरुस्त करू. पण पत्रात प्रोग्रामच ठेवू. प्रोग्राम सुधारला म्हटलं की लोक ऐकून घेतात. स्क्रू फिरवला म्हटलं तर कारखान्याची अब्रू जाईल.’

‘आणि हळूहळू म्हणजे कधी?’

‘महिना, दोन महिने.’

‘दोन महिने त्यांनी काय करायचं? पडायचं?’ लवंगीचा आवाज आता चढला होता. ‘मालक, तुमच्या अब्रूचं तुम्ही बघा. त्या चाळीस घरांत कोणीतरी आत्ता, या क्षणी, रिकामा खण बघून स्वतःला विचारतंय की मी घेतल्या का. घरचे त्याला म्हणतायत, तुम्हीच विसरलात. कोणी किल्ल्या काढून घेतल्या असतील. कोणाचं घर सोडून द्यायचं ठरलं असेल. मला तुमच्या कागदावर सही नको आणि तुमची माफीही नको. मला पत्त्यांची वही हवी.’

‘वही मिळणार नाही,’ मालक म्हणाले. ‘गिऱ्हाईकं माझी आहेत.’

इतका वेळ दाराशी स्टुलावर बसलेली आत्या तेव्हा उठली. ती हळू चालत टेबलाशी आली. मालक तिला ओळखत नव्हते, पण पांढऱ्या केसांच्या बाईपुढे ते सवयीने अर्धवट उभे राहिले.

‘मी तुमचं गिऱ्हाईक,’ आत्या म्हणाली. ‘पहिल्या खेपेतलं. महिनाभर मला वाटत होतं की मला वेड लागतंय. घर आवरलं मी. भांडी वाटून टाकली. तुम्ही कधी असं घर आवरलंय, स्वतःच्या डोक्याला भिऊन?’

टेबलावरची मोटर तशीच तापत होती. मालकांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा आपल्या तळहाताकडे, आणि मग टेबलाचा खण ओढून वही काढली. आत्याच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. टेलिफोन मात्र स्वतःच्या हाताने तिच्याकडे सरकवला.

लवंगी वहीकडे हात नेणार तोच आत्या म्हणाली, ‘थांब, मला बसू दे.’ ती मालकांच्या खुर्चीत बसली, चष्मा लावला, वहीचं पहिलं पान वरून खालपर्यंत वाचलं. दहा नावं, दहा नंबर. मग वही मिटली आणि बाजूला सारली.

‘आत्या, वही उघडी ठेव ना.’

‘गप्प बस.’

तिने रिसीव्हर कानाला लावला आणि नंबर फिरवला. लवंगीने हळूच वही उघडून बघितलं. बरोबर होता. फिटरकाकांनी स्क्रूड्रायव्हर आणि नेलपॉलिशची बाटली एका पिशवीत भरली आणि पिशवी घेऊन तिथेच उभे राहिले, पहिला पत्ता सांगतील म्हणून.

पलीकडे घंटी बराच वेळ वाजली. मग एका वृद्ध माणसाचा आवाज आला, इतका मोठा की खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

‘गोळ्यांच्या पेटीच्या कारखान्यातून बोलतेय,’ आत्या म्हणाली. तो ऑपरेटरचा आवाज लवंगीने लहानपणानंतर ऐकला नव्हता.

‘थांबा हं, सुनेला बोलावतो. मला सांगून उपयोग नाही, माझ्या हल्ली काही लक्षात राहत नाही.’

‘सुनेला मागाहून बोलवा. आधी तुम्ही ऐका. घंटी वाजते आणि खण रिकामा असतो, असं होतं का तुमच्याकडे?’

‘होतं,’ तो आवाज बारीक होऊन म्हणाला. ‘मी आधीच खाऊन टाकतो.’

‘नाही. तुम्ही खात नाही. पेटी अडकते. पेटीत बिघाड आहे, आमच्या कारखान्यात झालेला. तुम्ही काही विसरलेला नाही.’

सहीचा कागद तिने केव्हाच पालथा घातला होता आणि पाठीवर एक ते चाळीस आकडे लिहून ठेवले होते. पहिल्यापुढे खूण करायला तिने पेन टेकवलं होतं.

‘पुन्हा सांगा,’ तो आवाज म्हणाला. ‘सून आलीय. तिला ऐकू येईल असं सांगा.’

आत्याने पुन्हा सांगितलं.